नाणं अस्सल आहे, पण त्यावर कोणी हात चालवलाय का? घेण्याआधी कसं ओळखता?

सावकाश_वाचक
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय तेव्हा सांभाळून घ्या.

नकली नाणं कसं ओळखायचं यावर ढिगाने लिहिलेलं सापडतं. वजन करा, चुंबक लावा, व्यास मोजा वगैरे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. नाणं शंभर टक्के अस्सल आहे, पण मधल्या काळात कोणीतरी ते घासलंय, भोक बुजवलंय, कडी काढून कानस मारलीय किंवा ओरखडा लपवलाय. वजन बरोबर, धातू बरोबर, आणि तरी घेतल्यावर कोणी जाणकार हातात धरतो आणि म्हणतो "अरेरे". हे अरेरे पैसे मोजायच्या आधी ऐकू यावं म्हणून काय करता?

निमित्त असं की एक ब्रिटिश ट्रेड डॉलर (पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडलेलं चांदीचं नाणं) पसंतीवर आणलाय, रविवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. त्यावरच्या ब्रिटानियाच्या हातातल्या त्रिशूळाच्या मधल्या टोकात बी दिसतोय, म्हणजे मुंबई टांकसाळीचा. वजन २६.९२ ग्रॅम भरलं, असायला हवं २६.९५ च्या आसपास. नाणं सुंदर आहे. जरा जास्तच सुंदर आहे, म्हणून विचारतोय.

टवाळ_पोपट
जरा जास्तच सुंदर म्हणजे फिल्टर लावलेला फोटो. स्थळांच्या धाग्यावरही मी हेच बोललो होतो, तिथे माझा प्रतिसाद उडवला.

भिंगवाला
आधी दिवा, मग भिंग. लोक भारीतलं भिंग घेतात आणि नाणं बघतात ट्यूबलाइटखाली. ट्यूबचा उजेड चहूकडून येतो, त्यात बारीक रेघा बुडून जातात. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, एकच टेबललॅम्प ठेवा, नाणं कडेने धरून त्याखाली तिरकं करा आणि सावकाश गोल फिरवा. घाई करायची नाही. एकाच कोनातून बघितलं की नाणं आपल्याला हवं तेच दाखवतं.

चांदीचं नाणं न वापरलेलं आणि न छेडलेलं असेल तर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा नाण्याभोवती फिरताना दिसतो. छापताना धातू दाबाखाली मधून कडेकडे सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात, त्यांच्यामुळे हे होतं. पॉलिश केलं की त्या रेषा जातात. नाणं चमकतं, पण चमक जागच्या जागी असते, फिरत नाही. तुमचा डॉलर फिरवून बघा आणि पट्टा कुठे तुटतो का ते सांगा.

दुसरं म्हणजे रेघा. नाण्यावर रेघा दिसल्या की लगेच "घासलंय" म्हणून ओरडू नका. टांकसाळीत डाय (छापायचे साचे) घासून साफ करायचे, त्याच्या रेघा डायमध्ये खोल असतात म्हणून नाण्यावर उंच येतात. शिवाय त्या मोकळ्या जागेतच असतात, अक्षर किंवा चित्र आलं की त्याच्या पायथ्याशी थांबतात. नाणं घासल्याच्या रेघा खोलगट असतात आणि चित्रावरून, अक्षरावरून बिनदिक्कत पलीकडे जातात. दहा पट मोठं दाखवणारं भिंग याला पुरतं. चाळीस पटीत बघाल तर जगातलं प्रत्येक नाणं खराब दिसेल.

नवखा०७
वा, रेघांचं हे माहीतच नव्हतं. एक बाळबोध प्रश्न, टेबलावर टाकून वाजवून बघितलं तर? खणखणीत वाजलं की चांगलं असं म्हणतात ना.

जुनाखोड
अरे बाबा, दुसऱ्याचं नाणं टेबलावर आपटशील तर वाजायच्या आधी कडेला ठेच बसेल आणि मग ती ठेच तूच विकत घेशील. बोटाच्या टोकावर तोलून धर आणि पेन्सिलीने हलकेच टिचकी मार. चांदी असेल तर नाद लांबतो. चीर असेल, भोक बुजवलेलं असेल किंवा दोन तुकडे जोडलेले असतील तर आवाज बसका येतो. पण छान वाजलं म्हणून बाकी सगळं ठीक, असं धरून चालू नकोस. घासलेलं नाणंही छानच वाजतं.

मूस
माझं आयुष्य सोनारकामात गेलं त्यामुळे मी उलट्या बाजूने सांगते. नाण्याला कडी आम्हीच लावतो आणि काढतोही आम्हीच :)

कडी काढली की झाळण (जोडायला वितळवलेला धातू) राहतं. ते कानशीने उतरवलं की कडेवरचे दाते त्या जागी पुसट होतात. मग चांगला कारागीर बारीक त्रिकोणी कानशीने दाते परत पाडतो. समोरून कोणाच्या बापाला कळत नाही. पण टांकसाळीचे दाते एकाच साच्यातून आलेले, रुंदी आणि अंतर एकसारखं. हाताने पाडलेले कितीही नीट असले तरी एखादा जाड, एखादा तिरका जातोच. म्हणून नाणं घेताना पहिल्यांदा कड बघायची, पूर्ण फिरवून. ग्राहक राणीचं नाक बघत बसतात आणि कडेकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

कडी बहुतेक वेळा डोक्याच्या बरोबर वर असते, म्हणजे घड्याळात बारा वाजतात तिथे, कारण गळ्यात चेहरा सरळ दिसला पाहिजे. तिथे आधी बघा. आणि कडेला नसलं तरी आतल्या किनारीवर तीन-चार ठिकाणी समान अंतरावर दाबल्याच्या खुणा असतील तर ते कोंदणात बसवलेलं होतं.

बुजवलेलं भोक: नाणं थंड असताना त्यावर तोंडाने हलकी वाफ सोडा. झाळणाचा धातू वेगळा असेल किंवा तिथली चकाकी वेगळी असेल तर वाफ त्या जागी वेगळी धरते आणि वेगळ्या वेगाने उडते. एक-दोन सेकंदच गोल डाग दिसून जातो, तेवढ्यात पकडायचा. आणि नाण्यापासून तोंड लांब ठेवा, थुंकीचा थेंब पडला तर नवीन डाग तुमच्या नावावर.

घारी
मूस ताई, फारच उपयोगी. वाचनखूण साठवली.

पण मला मूळ मुद्द्यावरच भांडायचंय. साफ केलेल्या नाण्याचा एवढा बाऊ कशासाठी? दीडशे वर्षांत कोणीतरी कधीतरी प्रेमाने पुसलंच असणार. मी नाणी बघायला घेते, विकायला नाही. थोडं घासलेलं नाणं स्वस्तात मिळत असेल तर मला ते चालतं.

रोखठोक
@घारी, चालतं ना, कोणी नाही म्हटलंय? पण स्वस्तात मिळालं तर. धागाकर्त्याचा प्रश्न हाच आहे की घासलेलं नाणं न घासलेल्याच्या भावाने गळ्यात मारतात. दोष माहीत असून घेणं आणि दोष लपवून दिला जाणं यात फरक आहे.

घारी
हे मान्य. तरी "घासलंय" हा शब्द इथे शिवीसारखा वापरतात ते काही पटत नाही.

जुनाखोड
घारीचं अर्धं बरोबर आहे. मी प्राचीन नाणी जमवतो. जमिनीतून निघालेलं प्रत्येक नाणं साफ केलेलं असतं, नाहीतर हातात मातीचं ढेकूळ यायचं. तिथे स्वच्छ केलंय का हा प्रश्नच नसतो, छिन्नी चालवलीय का हा असतो. रोमन सेस्टर्शियससारखी मोठी कांस्य नाणी झिजलेली असली की काही महाभाग केसांच्या बटा नव्याने कोरतात, अक्षरं खोल करतात, भोवतालची खडबडीत जागा खरवडून गुळगुळीत करतात. नाणं अस्सल, वरचं अर्धं चित्र मात्र गेल्या आठवड्यातलं.

ओळखायचं कसं? झीज प्रामाणिक असते. सगळ्यात उंच भाग आधी झिजतो. गाल, कान, खांदा सपाट झालेत पण केसांची एकेक बट धारदार दिसतेय, असं टांकसाळीतून होत नाही आणि खिशातून तर नाहीच. दुसरं, कोरलेल्या रेघेचा तळ इंग्रजी व्ही सारखा टोकदार असतो. छापलेल्या नक्षीचे खांदे गोलसर असतात आणि पटिना (धातूवर काळाने चढलेला थर) दरीतून डोंगरावर सलग चढलेली असते. कोरलेल्या खाचेत पटिना तुटलेली दिसेल किंवा नंतर लावलेला रंग दिसेल.

आता विषय निघालाच आहे तर बेकरची गोष्ट. कार्ल विल्हेल्म बेकर, १७७२ ते १८३०, जर्मन. हा गडी प्राचीन नाण्यांचे डाय स्वतः कोरायचा आणि त्यांतून नाणी ठोकायचा. नवी कोरी नाणी म्हातारी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत भरून घोडागाडीखाली बांधायचा आणि गाडी फिरवून आणायचा असं सांगतात. आपल्या म्हाताऱ्यांना फिरायला नेतो म्हणायचा म्हणे.

टवाळ_पोपट
म्हणजे खड्डेवाले रस्ते हा त्या काळी कच्चा माल होता. आपण किती संपन्न आहोत याची कोणाला कदर नाही.

सावकाश_वाचक
भारी माहिती मिळतेय. भिंगवाले, सांगितल्याप्रमाणे फिरवून बघितलं. उजेडाचा पट्टा फिरतो, पण उभ्या बाईच्या (ब्रिटानियाच्या) उजवीकडच्या मोकळ्या जागेत छोट्या नखाएवढ्या भागात तो मंद होतो आणि पुढे परत उजळतो. तिथे ओरखडा वगैरे काही नाही, उलट बाकीपेक्षा गुळगुळीत आहे. कड पूर्ण फिरवून बघितली, दाते सगळीकडे सारखे वाटतात.

भिंगवाला
गुळगुळीत? हम्म. त्याच जागेच्या मागच्या बाजूला काय आहे ते बघा. बरोब्बर मागे. कागदावर नाण्याच्या आकाराचं वर्तुळ काढून मोजलंत तर चूक होणार नाही.

आम्लराज
मंद पडलेल्या भागाची आणखी कारणं असू शकतात, ती आधी वगळा.

एक, डिप. थायोयुरिया आणि आम्लाचं द्रावण असतं, चांदीवरचा काळा सल्फाइड थर क्षणात काढतं. पण थराबरोबर खालची चांदीही अतिसूक्ष्म प्रमाणात जाते कारण तो थर नाण्याच्याच चांदीचा बनलेला असतो. एकदा घाईत बुचकळून धुतलं तर कळणारही नाही. पुन्हा पुन्हा केलं की भिंगवाल्यांनी सांगितलेल्या त्या सूक्ष्म रेषा बोथट होतात आणि नाणं पांढरंफटक, निर्जीव दिसतं. पण हे सगळ्या नाण्यावर होतं, नखाएवढ्या तुकड्यात नाही. म्हणून तुमच्याकडे डिप नसावं.

दोन, पुटी. मोकळ्या जागेतले बारीक ओरखडे लपवायला मेणचट काहीतरी हलक्या हाताने पसरतात. काहीजण नाकावरचं तेल बोटाने लावतात, हसू नका, खरंच करतात. सुरुवातीला ओरखडे दिसत नाहीत, काही महिन्यांनी तिथे धुरकट डाग येतो. तुमचं वर्णन याला थोडंफार जुळतं.

तीन, पीव्हीसी. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात वर्षानुवर्षं राहिलेल्या नाण्यावर हिरवट चिकट थर येतो. पाकीट मऊ राहावं म्हणून घातलेला पदार्थ बाहेर झिरपतो आणि प्लॅस्टिकमधून निघणारं हायड्रोक्लोरिक आम्ल धातू खातं. अक्षरांच्या कोपऱ्यात आधी दिसतं.

दोन आणि तीनसाठी शुद्ध ॲसिटोन. नेलपॉलिश काढायचं सुगंधी पाणी नव्हे. काचेच्या वाटीत नाणं ठेवायचं, ॲसिटोन ओतायचं, थोड्या वेळाने बदलायचं, काढून तसंच वाळू द्यायचं. पुसायचं नाही. ॲसिटोन चांदीला काही करत नाही, फक्त वरचा तेलकट, प्लॅस्टिकचा किंवा लॅकरचा कचरा विरघळवतं. पेटतं लवकर, तेव्हा खिडकी उघडी आणि गॅस बंद. आणि हो, नाणं अजून तुमचं झालेलं नाही, तेव्हा मालकाला विचारून.

रोखठोक
विकणारा "नको, ॲसिटोनमध्ये टाकू नका" म्हणाला तर तेच उत्तर समजायचं.

आम्लराज
तसं सरसकट नको. घाबरट पण सरळ माणूसही नाहीच म्हणेल. तांब्याच्या नाण्यांबाबत तर मीही दहादा विचार करतो.

प्रयोगवही
घनतेचं कोणीच कसं काढलं नाही? वजनकाट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्याने सारलेल्या पाण्याचा, म्हणजे घनसेंटिमीटरमध्ये नाण्याचं आकारमान. कोरडं वजन भागिले तो आकडा म्हणजे घनता. हजारात ९०० शुद्धतेच्या चांदीची सुमारे १०.३ येते. तुमच्या डॉलरला काट्याने २.६१ च्या जवळपास दाखवायला हवं. पितळ असेल तर ३ च्या वर जाईल. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडा झटकून टाका नाहीतर उत्तर चुकेल. काटा ०.०१ ग्रॅम मोजणारा हवा.

सावकाश_वाचक
केलं! २.६१ आणि २.६२ च्या मध्ये हलतोय. म्हणजे चांदी पास. पण माझा प्रश्न तिथेच आहे.

भिंगवाला
अर्थात तिथेच आहे. घनता संपूर्ण नाण्याचा हिशेब सांगते. नखाएवढ्या जागेत चांदीचं झाळण भरलं असेल तर त्या हिशेबात ते कुठच्या कुठे विरून जाईल. मागची बाजू बघितलीत का?

घारी
मागची बाजू बघेपर्यंत माझी आवडती केस सांगते. घासण्याला माझी हरकत नाही पण बदललेल्या तारखांना आहे.

अमेरिकेचा १९१४-डी (डी म्हणजे डेन्व्हर टांकसाळीची खूण) सेंट दुर्मिळ, १९४४-डी पैशाला पासरी. ४४ मधल्या पहिल्या ४ च्या फांद्या छाटल्या की १ उरतो, झालं १९१४-डी. नाणं अस्सल, टांकसाळीची खूण अस्सल, वजन बरोबर, तांबं बरोबर. पण पकडायला दोन जागा आहेत. एक म्हणजे ९ आणि नव्या १ मध्ये जास्तीची रिकामी जागा राहते कारण जाडजूड ४ ची जागा बारक्या १ ला भरता येत नाही. आणि दुसरी खरी मजा: कलाकाराची व्हीडीबी ही आद्याक्षरं लिंकनच्या खांद्यावर १९१८ पासून आली. १९१४ च्या नाण्यावर ती असूच शकत नाहीत. तारीख बदलणारा तारखेतच इतका गुंततो की खांदा विसरतो.

१९४३ चा तांब्याचा सेंट तर त्याहून सोपा. त्या वर्षी सेंट पोलादाचे होते, चुकून तांब्यावर छापले गेलेले मोजकेच. लोक पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देतात. चुंबक लावला की टकदिशी चिकटतो.

टवाळ_पोपट
म्हणजे जन्मतारीख खोडणारा ओळखायचा असेल तर जन्मतारीख बघायची नाही, खांदा बघायचा. नोंद घेतली.

मूस
भिंगवाल्यांना काय दिसतंय ते मला कळलंय बहुतेक पण त्यांनाच सांगू दे.

नवखा०७
मग सरळ डबीबंद, सर्टिफाइड नाणंच घ्यावं ना? पीसीजीएस, एनजीसी या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांची. एवढी डोकेफोड कशाला.

रोखठोक
महाग नाणं असेल तर जरूर घे. या दोन्ही कंपन्या १९८० च्या दशकात निघाल्या त्या याच भांडणातून, विकणारा एक दर्जा सांगतो आणि घेणारा दुसरा. दोष सापडला तर दर्जाचा आकडा न देता "डीटेल्स" असं लिहून कारणही देतात: साफ केलेलं, कडी काढलेलं, कोरलेलं.

पण तीन गोष्टी लक्षात ठेव. डब्याही नकली निघतात, तेव्हा क्रमांक त्यांच्या साइटवर टाकून बघायचा, आणि नुसता क्रमांक जुळला म्हणून खूश व्हायचं नाही कारण खऱ्या डबीचा क्रमांक नकली डबीवर छापता येतो. साइटवर फोटो असेल तर टोनिंगचे (काळाने चढलेल्या रंगाचे) डाग, ठेचा एकेक करून आपल्या नाण्याशी जुळवायच्या. दुसरं, पुटी डबीत गेल्यावरही धुरकटते. तिसरं, डबीत कड नीट दिसत नाही, आणि मूस ताई वर काय म्हणाल्या ते वाच परत.

जुनाखोड
डबीतलं नाणं हातात धरता येत नाही. मग जमवायचं कशाला? शेअर घ्यावेत की.

रोखठोक
काका, तुमची नाणी दोन हजार वर्षं मातीत राहून टिकली. आमच्या नाण्यावर अंगठ्याचा ठसा कायमचा बसतो.

जुनाखोड
मातीतही सगळी टिकत नाहीत. कांस्य रोग नावाची भानगड आहे. फिकट हिरवी भुकटी ठिपक्या-ठिपक्यांनी येते, टूथपिकने टोचली की सुटते. चांगली हिरवी पटिना दगडासारखी घट्ट असते, टोचून काही होत नाही. भुकटीच्या खाली क्लोराइड बसलेलं असतं, दमट हवा मिळाली की नाणं आतून पोखरत जातं. काही विकणारे वरून मेण किंवा रंग लावून देतात आणि पहिल्या पावसाळ्यात ते फुलून वर येतं. म्हणून कांस्य घेताना रंग फार एकसारखा, मॅट, सजवल्यासारखा दिसला तर थांबायचं.

सावकाश_वाचक
भिंगवाले, मोजून बघितलं. मागे मधोमध ती चिनी अक्षराची गोल नक्षी आहे ना, तिच्या बाहेरची एक कड बरोबर तेवढ्याच भागात चपटी आहे. बाकी नक्षी धारदार. आणि आधी मला वाटलं होतं की तिथे छाप कमी उठलाय. मूस ताईंची वाफही सोडून बघितली. समोरच्या बाजूला वाफ उडताना त्या जागी एक वाकडातिकडा ठिपका मागे राहतो आणि मग जातो.

भिंगवाला
चॉपमार्क होता तिथे. बुजवलाय.

हे ट्रेड डॉलर १८९५ ते १९३५ पर्यंत पूर्वेकडच्या व्यापारासाठी पाडले. चिनी व्यापारी आणि सराफ चांदी तपासली की आपला शिक्का पोलादी पंचने नाण्यावर मारायचे, म्हणजे पुढच्याने परत तपासायला नको. पंच मारताना नाणं कशावर तरी ठेवावं लागतं. समोर खड्डा पडतो त्याच वेळी मागची बाजू खालच्या कठीण पाटावर दाबली जाते आणि तिथली नक्षी चपटी होते. समोरचा खड्डा भरता येतो, घासता येतो. मागची दबलेली नक्षी परत उठवणं महाकठीण, आणि बहुतेकांना ती बघायचं सुचतही नाही.

छाप कमी उठला असता तर चपटा भाग नाण्याच्या रचनेनुसार आला असता, म्हणजे समोरच्या सगळ्यात उंच भागाच्या पाठीमागे वगैरे, जिथे दोन्हीकडे धातू पुरवायला लागतो. मोकळ्या जागेच्या मागेच तेवढा एक चपटा तुकडा यायला काही कारण नाही.

मूस
हेच. भरणाऱ्याने चांगलं काम केलंय, चांदीचंच झाळण वापरलं असणार म्हणून रंग जुळला. पण भरल्यावर सपाट करायला घासावं लागतंच, तिथे तुमचा उजेडाचा पट्टा अडला. सावकाश_वाचक, अजून एक बघा, तिथल्या आसपास टोनिंग कसं आहे?

सावकाश_वाचक
सगळ्या नाण्यावर हलकं सोनेरी आहे. त्या जागीही आहे, पण कडेला जरा निळसर जांभळी झाक अचानक येते.

आम्लराज
चांदीवर थर हळूहळू जाड होत जातो तसे रंग ठरलेल्या क्रमाने येतात, आधी पिवळट सोनेरी, मग तांबूस जांभळा, मग निळा. नैसर्गिक टोनिंगमध्ये हे रंग एकमेकांत विरत जातात. सोनेरीतून एकदम निळ्यात उडी मारली असेल तर तिथे उष्णता किंवा रसायन लागलेलं असण्याचा संशय घ्यायचा. एकट्या रंगावरून मी निकाल दिला नसता, पण बाकीचे पुरावे बघता जुळतंय.

ओरखडा आणि टोनिंग यातलं आधी कोण हेही असंच कळतं. ओरखड्याच्या तळाशी आजूबाजूसारखाच रंग असेल तर घासणं आधीचं, रंग नंतर चढला. ओरखडा रंग चिरून पांढरा चमकत असेल तर तो ताजा.

रोखठोक
परत द्या. आणि देताना भांडू नका, फक्त "मागची नक्षी चपटी आहे" एवढंच म्हणा आणि समोरच्याचा चेहरा बघा. त्यालाही माहीत नसेल तर त्याचे डोळे मोठे होतील. माहीत असेल तर तो किमतीबद्दल बोलायला लागेल.

घारी
मला एक कळत नाही. चॉपमार्क असलेली नाणी तर लोक मुद्दाम जमवतात. मग बुजवायचा का? तसाच ठेवला असता तर मीच घेतला असता.

भिंगवाला
बुजवला तेव्हा कदाचित कोणी जमवत नसेल. पूर्वी चॉप म्हणजे नुकसान समजायचे. आता चॉप वाचता येणारे लोक आहेत, आणि बुजवलेला चॉप दोन्हीकडून गेला, ना स्वच्छ नाणं ना व्यापाऱ्याची खूण.

जुनाखोड
ट्रेड डॉलरच्या कथा संपत नाहीत. अमेरिकन ट्रेड डॉलर आतून पोखरून डबी केलेले मिळतात, कड दाबली की झाकण उघडतं आणि आत कोणाचा तरी चिमुकला फोटो असतो. बंद असताना बाहेरून अख्खं नाणं. कडेच्या आतल्या बाजूला केसासारखी रेघ गोल फिरलेली दिसते तीच खूण.

टवाळ_पोपट
मला दोषवालं नाणं हवं तर हेच द्या. घेताना विचारणार, "आत कोण आहे?"

सावकाश_वाचक
परत देऊन आलो. रोखठोक, तुम्ही म्हणालात तसं एकच वाक्य बोललो. त्यांनी भिंग काढलं, बराच वेळ मागची बाजू बघितली, मग मलाच विचारलं की हे कुठे शिकलात. माहीत नसावं असं वाटलं. दुसरा एक डॉलर दाखवला, त्यावर तीन चॉप आहेत, सगळे उघडे, टोनिंग काळपट पण अक्षरांच्या कोपऱ्यात सलग. तो आणलाय. @घारी, तुम्हाला उशीर झाला.

घारी
दुष्ट माणूस. फोटो टाका निदान, उजेड तिरका ठेवून.

नवखा०७
अभिनंदन! मी या सगळ्यात घाबरून माझी नाणी बाहेर काढली. सगळी मऊ प्लॅस्टिकच्या पानांच्या अल्बममध्ये आहेत, विकणारा म्हणाला होता "खास नाण्यांसाठीचा". ते पीव्हीसी आहे की नाही हे कसं कळेल? वास तर येतोय.

आम्लराज
नव्या बाथरूमच्या पडद्यासारखा वास येत असेल तर नाणी आजच काढ, चाचणी नंतर.

चाचणी अशी: तांब्याची जाडसर तार घे, एक टोक चिमट्यात किंवा लाकडी मुठीत धर. दुसरं टोक ज्योतीत लाल होईपर्यंत तापव, ज्योतीला हिरवा रंग यायचा थांबला पाहिजे. मग ते गरम टोक अल्बमच्या पानाच्या एका कोपऱ्याला टेकव, थोडं प्लॅस्टिक तारेला चिकटेल. तार परत ज्योतीत घाल. ज्योत झगझगीत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. धूर नाकात घेऊ नकोस, खिडकीपाशी कर. आणि कोपरा कापून वेगळा नेऊन कर, अख्खा अल्बम ज्योतीपाशी नेऊ नकोस.

नवखा०७
केलं. हिरवी. चांगलीच हिरवी. आता नाणी ठेवू कुठे तोवर?

मूस
मायलारची (पीव्हीसी नसलेल्या पारदर्शक प्लॅस्टिकची) पाकिटं किंवा कडक ॲक्रिलिकच्या डब्या मिळेपर्यंत साध्या आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, एका पाकिटात एकच. रबरबँड लावू नकोस, रबरातलं गंधक चांदी काळी करतं. आणि हात धुऊन, कडेनेच धरून हलव.

नवखा०७
रबरबँड लावूनच ठेवले होते ताई. आत्ता काढतो.